आडवी फुलं

मावशीने शिवलेलं काही उसवलं, असं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. ऐकलं असतं तरी ते तिच्या तोंडावर सांगायची कुणाची हिंमत झाली नसती. मावशी सोफ्यांची कव्हरं शिवायची. तिच्या कव्हरांवर पोरांनी उड्या मारल्या, कुत्र्यांनी दात घासले, एका घरात तर जावयाने रुसून महिनाभर मुक्काम ठोकला. सोफे मोडले, लग्नं मोडली, कव्हरं जशीच्या तशी राहिली. "माझा टाका कात्रीला घाबरतो, माणसाला नाही," असं ती म्हणायची.

तिचे नियम दोनच. एक, कव्हर असं ताणून बसलं पाहिजे की सुरकुतीला जागाच उरू नये. दोन, कापडावर फुलं असतील तर ती उभी राहिली पाहिजेत, देठ खाली आणि तोंड वर. एका शिकाऊ मुलीने एकदा गुलाब आडवे कापले होते, तर मावशीने ते अख्खं कव्हर तिच्या अंगावर फेकलं आणि संध्याकाळपर्यंत तिच्याशी बोलली नाही. आडवी फुलं ही तिच्या लेखी आजारी फुलं होती.

हेच नियम ती स्वतःलाही लावायची. तिचे आतले कपडे तिनेच शिवलेले, उरलेल्या जाड कव्हराच्या कापडाचे, दुहेरी शिवणीचे, मागे हुकांची भलीमोठी रांग. घरात त्याला चिलखत म्हणत. अर्थात मावशी घरात नसताना. रोज सकाळी ती सगळा श्वास बाहेर सोडून हुक लावायची आणि मग झोपेपर्यंत तो परत आत घ्यायला म्हणून जागाच नसायची. जिना चढताना मधल्या वळणावर थांबायची, कठड्याला धरून धापा टाकायची आणि जिना बांधणाऱ्याचा उद्धार करायची. डॉक्टरांनी तपासून "तुम्हाला काहीही झालेलं नाही" असं सांगितलं, तेव्हा तिने डॉक्टर बदलला.

तर अशा या मावशीकडे तिची भाची राहायची. दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करायची आणि संध्याकाळी गाण्याच्या मंडळात जायची. मंडळात ती वर्षानुवर्षं शेवटच्या रांगेत, एका उंच माणसाच्या मागे उभी राहून गात आली होती. आणि यंदा कधी नव्हे ते मंडळाच्या बाईंनी तिला पुढे बोलावलं होतं. कार्यक्रमातल्या शेवटच्या गाण्याचा शेवटचा सूर तिने एकटीने धरायचा होता. बाकी सगळे गप्प बसणार, वाद्यं थांबणार आणि फक्त हिचा सूर. लांब, सरळ, न तुटता.

तो तुटत होता.

"तारेचं घातलं की तार बरगडीत घुसते," भाची मावशीच्या मशिनशेजारी बसून रडवेल्या आवाजात सांगत होती. "श्वास भरायला गेलं की टोचतं. सूर अर्ध्यावर तुटतो."

"मग घालू नकोस."

"तसं केलं तर खांदे पुढे पडतात माझे. सगळं लक्ष तिकडेच. वाकून उभी राहते मी आणि वाकून सूर लागत नाही. बाई म्हणाल्या, शेवटच्या तालमीला तुटला तर भोंग्याला देणार."

भोंगा म्हणजे मंडळातली दुसरी गायिका. तिचा सूर कधीच तुटायचा नाही, लागायचाही नाही, पण रस्त्यापलीकडे ऐकू जायचा.

"मला एक ब्रालेट शिवून दे ना," भाचीने फोनवर फोटो दाखवला. "लेसचं. तार नाही, फोम नाही, नुसती लेस, आत जाळीचं अस्तर आणि खाली इलॅस्टिक. मऊ हवं, पण आधारही हवा."

मावशीने चष्मा कपाळावरून खाली घेतला, फोटो पाहिला, फोन फिरवून पाहिला. "एवढंच? यात माझ्या सोफ्याचा हातसुद्धा मावायचा नाही."

"जमेल का तुला?"

हा प्रश्न मावशीला विचारायचा नसतो. तिने टेप उचलला. "उभी राहा. श्वास सोड. अजून सोड. सगळा सोड." आणि भाची निळी पडायच्या बेतात आली तेव्हा तिने माप घेतलं.

पहिलं ब्रालेट मावशीने तिला येत होतं तसं शिवलं. लेस घेतली, पण ती पडद्याची. लेसमध्ये काही दम नाही म्हणून तिला आतून कॉलरमध्ये घालतात ते ताठ बक्रम लावलं. फोम नको म्हणाली होती पोरगी, म्हणून अगदी थोडा घातला, उशीच्या कोपऱ्यात घालतात तेवढाच. कडेने दोरी भरलेली पायपिंग केली, कारण पायपिंगशिवाय कड म्हणजे मावशीला उघडं दार वाटायचं. आणि मागे चेन बसवली, सोफ्याच्या गादीची, धुवायला काढता येते ती.

भाची ते घालून खोलीबाहेर आली. वरून तिने सदरा घातला होता, तरी आतलं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते दुरून कळत होतं.

"कसं वाटतंय?" मावशी.

"मावशी, मला माझे पाय दिसत नाहीयेत."

"पाय कशाला बघायचेत? समोर बघून गायचंय ना?"

सोफ्यावर काका बसले होते. काका म्हणजे मावशीचे यजमान, बसमधले निवृत्त कंडक्टर. निवृत्त झाल्यापासून ते सोफ्यावर असत आणि अजूनही कुणी दारात घुटमळलं की "आत सरका, आत सरका" म्हणत. त्यांनी वर्तमानपत्रावरून भाचीकडे एकदा पाहिलं, लगेच पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातलं आणि आतूनच म्हणाले, "मजबूत दिसतंय काम."

भाचीने सूर लावला. सूर निघाला, थोडा चालला आणि आवळून मेला. तिला खाली बसायचं होतं, पण तेही जमेना. शेवटी ती भिंतीला टेकली आणि मावशीने चेन उघडली, तेव्हा आतून सुटलेल्या श्वासाने काकांच्या वर्तमानपत्राचं पान उलटलं. निदान काका तरी तसं शपथेवर सांगतात.

दुसऱ्या खेपेला भाचीने स्वतः जाऊन सामान आणलं. ताणली जाणारी लेस, अस्तराची दाट जाळी, मऊ इलॅस्टिक, खांद्याचे रुंद पट्टे. लेस खरोखर सुरेख होती, फिकट जांभळी, तिच्यावर लांबीच्या दिशेने धावणारी फुलांची वेल. मावशीने ती बोटांत धरून ताणली, सोडली, पुन्हा ताणली. कापड हातात असं हलतं, हेच तिला पटेना. "हे कापड आहे की गांडूळ?" ती म्हणाली. पण रंग आवडला होता, हे तोंडावर दिसत होतं.

आता भाची दिवसभर दुकानात, मग मधे मधे घालून बघायचं कुणावर? मावशीने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढली, तिच्या पाठीला दोन गोल उशा बांधल्या, मापाने चपट्या केल्या आणि तिचं नाव ठेवलं खुर्चीबाई. खुर्चीबाई फारच गुणी निघाली. हलत नव्हती, बोलत नव्हती, श्वास तर मुळीच घेत नव्हती. असं गिऱ्हाईक मावशीला जन्मात मिळालं नव्हतं.

आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. वेल लेसच्या लांबीने धावत होती. फोटोत होती तशी लेस अंगाभोवती आडवी घेतली, तर फुलं सगळी कुशीवर झोपणार. मावशीने लेस खुर्चीबाईभोवती धरून पाहिली आणि तिचं तोंड कडू झालं. जिथे बाहेरच्यांच्या सोफ्यावर आडवी फुलं चालत नाहीत, तिथे सख्ख्या भाचीच्या अंगावर? तिने लेस फिरवली, उभी केली आणि कापली. फुलं ताठ उभी राहिली, देठ खाली, तोंड वर. लेसचा सगळा ताणही त्यांच्याबरोबर उभा राहिला, म्हणजे आता ते वर-खाली ताणलं जाणार होतं, आजूबाजूला नाही. हे मावशीला कळलंच नाही, कारण खुर्चीबाईने तक्रार केली नाही.

ते खुर्चीबाईच्या अंगावर असतानाच बेल वाजली. दारात दातांच्या डॉक्टरीणबाई, दवाखान्याच्या सोफ्याचं कव्हर घ्यायला आलेल्या. मावशीला खुर्चीबाईला लपवायला वेळच मिळाला नाही.

डॉक्टरीणबाई खुर्चीसमोर थबकल्या. मान तिरकी केली. एक पाऊल मागे गेल्या.

"अय्या," त्या म्हणाल्या, "हे काय नवीन?"

मावशीने हातातला टेप घाईने गळ्यात टाकला. "ते... ते आपलं असंच. कव्हर."

"पाठीला टेकायला उशा, वरून लेस, आणि खांद्याला अडकवायचे पट्टे! किती हुशारीने बसवलंय! निसटायलाच नको. मला माझ्या वेटिंग रूमच्या सगळ्या खुर्च्यांना असंच हवंय."

"सगळ्या?" मावशीने कसंबसं विचारलं.

"सगळ्या. पेशंट घाबरून बसलेले असतात हो, जरा मऊ काहीतरी पाठीला लागलं तर बरं वाटेल त्यांना."

सोफ्यावर काकांचं वर्तमानपत्र थरथरायला लागलं होतं. मावशी त्या दिवशी नाही म्हणू शकली असती. पण नाही म्हणायचं तर हे काय आहे ते सांगावं लागलं असतं, आणि काकांदेखत तिची जीभ रेटेना. तिने ऑर्डर घेतली. पुढे ती पुरीही केली. आता त्या दवाखान्यात पेशंट आल्याआल्या आपणहून तोंड उघडतात, असं डॉक्टरीणबाई कौतुकाने सगळ्यांना सांगतात.

संध्याकाळी भाची आली. उद्या शेवटची तालीम. तिने उभ्या फुलांचं ब्रालेट घेतलं आणि आतल्या खोलीत गेली. बराच वेळ काही आवाज नाही. मग एक घुसमटलेला आवाज.

"मावशी!"

मावशी आत धावली. भाची खोलीच्या मध्यावर, दोन्ही हात सरळ वर, डोकं लेसमध्ये, बाहेर फक्त केस. ब्रालेट तिच्या खांद्यांवर येऊन अडकलं होतं. ते खाली येत नव्हतं आणि वरही जात नव्हतं.

"ओढ," आतून आवाज आला.

मावशीने खाली ओढलं. फुलं लांबच लांब झाली, घेर तेवढाच राहिला. मावशीने वर ओढलं. भाची चवड्यांवर उचलली गेली.

"काय झालं?" बाहेरून काकांनी विचारलं.

"अडकलीय!" मावशी ओरडली.

"आत सरका म्हणावं!"

"आत सरकताच येत नाहीये!" भाची लेसमधून किंचाळली.

पाच-दहा मिनिटं ओढाताण झाली. एकदा दोघी कपाटावर आदळल्या. शेवटी मावशीने कात्री आणली. टाक्यांनी दगा दिला नव्हता, हेच तर दुखणं होतं. आपल्या हाताने घातलेली शिवण आपल्याच कात्रीने कापायची वेळ तिच्यावर पहिल्यांदा आली आणि प्रत्येक टाका तिच्या मनाला लागला.

भाची बाहेर आली ती लालबुंद, केस पिंजारलेली. ती पलंगावर बसली आणि रडायलाच लागली. "राहू दे मावशी. भोंग्यालाच देऊ देत तो सूर. मी जाते पुन्हा त्या उंच माणसाच्या मागे."

मावशीला फार वाईट वाटलं. पोरीने मागितलं होतं काय, तर श्वास घेता येईल असं काहीतरी. आणि आपण तिला दोनदा कोंडलं. ती कापलेली लेस हातात घेऊन बाहेर आली आणि काकांसमोर उभी राहिली. खरं दुखणं काकांना सांगायची सोय नव्हती, म्हणून तिने दुपारचा डॉक्टरीणबाईंचा किस्सा पुन्हा उगाळला. आणि काकांना दुपारपासून दाबून ठेवलेलं हसू फुटलं.

काका हसले म्हणजे अख्खे हसले. सोफ्यावर वर गेले, खाली आले, वर गेले, खाली आले. मावशी बघतच राहिली.

"अहो, हसा."

"हसतोय की."

"अजून हसा. थांबू नका."

"आता कसं येईल? तू अशी बघायला लागलीस की कुणाचंही हसू पळेल."

"मग नुसते वर-खाली व्हा!"

काका आज्ञाधारकपणे वर-खाली होऊ लागले. मावशी जमिनीवर आडवी झाली, चिलखतातून जेवढं होता येईल तेवढी, आणि तिने सोफ्याच्या बुडाखाली डोकं घातलं. काका वर जात होते, खाली येत होते, आणि त्यांना झेलत होत्या गादीखालच्या रबरी पट्ट्या. ताणायच्या, परत जागेवर यायच्या. पुन्हा ताणायच्या. इतकी वर्षं ती या सोफ्यांना कव्हरं घालत आली होती आणि तिला वाटत होतं, माणसाला सांभाळतं ते कव्हर. कव्हर कसलं सांभाळतंय! सांभाळत होत्या या खालच्या पट्ट्या, आणि त्या सांभाळत होत्या कारण त्या हलत होत्या.

आणि पट्ट्या सगळ्या आडव्या होत्या.

मावशी सोफ्याखालून बाहेर आली आणि डोक्यावर जळमट घेऊन तशीच आतल्या खोलीत गेली. "डोळे पूस," ती भाचीला म्हणाली. "उभी राहा. आणि श्वास घे."

"सोडू ना?"

"घे म्हटलं. पोटभर घे. गाताना घेतेस तेवढा."

माप दोन्हीचं घेतलं, भरल्या श्वासाचं आणि रिकाम्या. इलॅस्टिक बरगडीच्या मापापेक्षा थोडं आखूड कापलं, जेणेकरून आधार खालच्या पट्ट्याने द्यावा आणि खांद्यांनी आराम करावा. जाळीचं अस्तर काखेच्या बाजूला दुहेरी घेतलं. मशिनवरची जाड सुई काढून गोल टोकाची बारीक सुई बसवली. सरळ टाका ताणला की तुटतो, म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा वाकडा, झिगझॅग टाका घातला आणि तो घालताना दात आवळले. राहता राहिली लेस. मावशीने ती टेबलावर पसरली, खडू हातात घेतला, डोळे घट्ट मिटून लेस आडवी फिरवली.

"झोपा आता," ती फुलांना म्हणाली, आणि कापली.

ते ब्रालेट भाचीच्या अंगावर सरसर चढलं. खांदे आपोआप मागे गेले. तिने हात वर केले, वाकली, वळली, पाय पाहिले. मग तिने श्वास भरला. फुलं रुंद झाली, थांबली, आणि तिने सूर सोडला. तो निघाला, चालत राहिला, चालतच राहिला. काकांचा चहा निवला तरी तो संपला नव्हता. मावशीचे डोळे भरून आले आणि तिने ते सुईत दोरा ओवल्याचं निमित्त करून पुसले, हातात सुई नसताना.

तालमीत सूर तुटला नाही. भोंग्याने सगळ्यात आधी टाळी वाजवली, आणि तीही सगळ्यात मोठी.

कार्यक्रमाच्या दिवशी मावशी नवे कपडे घालून, आत चिलखत कसून, काकांशेजारी तिसऱ्या रांगेत बसली. तिच्या पुढच्या खुर्चीवर एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. शेवटचं गाणं आलं. भाची एक पाऊल पुढे आली. बाकीचे गप्प झाले, वाद्यं थांबली, आणि भाचीने श्वास घेतला.

मावशीनेही घेतला. तिला कळलंच नाही. पोरीला कमी पडू नये म्हणून आपोआप घेतला गेला, आणि घेतला तो पोटभर घेतला. सूर निघाला. भाची ताठ उभी होती, खांदे मागे, चेहरा शांत, आणि सूर सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाऊन तिथे तरंगत राहिला. मावशी श्वास धरून बसली. सूर चाललेला, मावशी फुगलेली.

टक्.

पहिला हुक गेला. मावशीने खुर्चीचे हात घट्ट धरले. टक्. टक्. मग रांगेला कुणी थांबवूच शकलं नाही. हुक एकामागोमाग एक सुटत गेले, जुनी शिवण वरपासून खालपर्यंत चरचरत उसवली, आणि एक हुक मानेच्या बाजूने बाहेर पडून थेट पुढच्या टकलावर जाऊन बसला. गृहस्थांनी डास समजून टकलावर चापट मारली. नेमका त्याच क्षणी सूर संपला. अख्ख्या सभागृहात तेवढा एकच आवाज झाला.

मावशी हसली. आधी नाकातून, मग मोठ्याने, मग अशी की तिची तिलाच ओळख पटेना. हसायला एवढी हवा लागते आणि तेवढी हवा आपल्यात मावते, हे तिला ठाऊकच नव्हतं. लोकांना वाटलं, बाईंना आनंद अनावर झाला. तो झालाच होता. आणि त्या हसण्यावरच टाळ्या सुरू झाल्या.

"काय झालं?" काकांनी तिच्या कानात विचारलं.

"उसवलं," मावशी डोळे पुसत म्हणाली.

"कुणाचं?"

"माझं."

काकांनी आपला कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. पण त्यांच्या चेहऱ्यावर जी भीती होती, ती भर दुपारी अचानक ग्रहण लागलेलं बघणाऱ्या माणसाची होती.

घरी येताना मावशी जिना भराभर चढली. मधल्या वळणावर सवयीने थांबली, धाप लागायची वाट पाहिली, ती लागली नाही, तशी जिना बांधणाऱ्याला काही न बोलता पुढे गेली. घरात शिरल्या शिरल्या तिने टेबलाचा खण उघडला.

"जांभळी लेस उरलीय का गं?"

"उरलीय की," भाची म्हणाली. तिने गजरासुद्धा काढला नव्हता अजून, तशीच टेप घेऊन आली. "पण फुलं?"

"आडवी."

मावशी दिव्याखाली उभी राहिली. आजवर तिने जगाची मापं घेतली होती, तिचं माप कुणी घेतलं नव्हतं. भाचीने टेप तिच्या बरगड्यांभोवती नेला आणि मावशीने सवयीने श्वास सोडायला सुरुवात केली.

"सोडायचा नाही मावशी. घे."

मावशीने घेतला. टेप भाचीच्या बोटांतून सरकायला लागला. सरकला, अजून सरकला, सरकतच राहिला.

"बास, मावशी!"

"थांब गं," मावशी म्हणाली, "अजून येतोय."